खाऱ्या पाण्यातल्या माशांवर पांढरे ठिपके: घरगुती उपाय खरंच चालतो का?

निळाई (डोंबिवली), २ जून

नमस्कार मंडळी. घरात बारा-तेरा वर्षं गोड्या पाण्याची टाकी आहे, त्यामुळे माशांची आजारपणं काढलेली आहेत. गेल्या दिवाळीत धीर करून २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी लावली. त्यात दोन क्लाउनफिश, एक पिवळी गोबी, दोन क्लीनर श्रिंप आणि चार-पाच गोगलगायी. सगळं छान चाललं होतं. पंधरा दिवसांपूर्वी क्रॉफर्ड मार्केटमधून छोटासा ब्लू टँग आणला आणि थेट टाकीत सोडला.

परवा सकाळी दिवा लावला तर टँगच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. काल एका क्लाउनच्या शेपटीवरही तीन मोजले. टँग दगडाला अंग घासतोय, खाणं निम्म्यावर आलंय. लेक शाळेतून आली की आधी काचेला नाक लावून ठिपके मोजते आणि मला आकडा सांगते.

दुकानदार म्हणाले निळं औषध टाका. शेजारच्या काकू म्हणाल्या हळद. व्हॉट्सॲपवरच्या ग्रुपात सगळे लसूण सांगतात. गोड्या पाण्यात मी खडेमीठ टाकून हीटर ३० वर नेला की आठवड्यात मासे बरे व्हायचे. इथे पाणीच खारं, मीठ कुठे टाकू? कॉपरची (तांब्याच्या औषधाची) भीती वाटते, श्रिंप मरतील म्हणतात. घरच्या घरी, नैसर्गिक असं काही चालतं का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया लिहा.

मत्स्यगंध (पुणे), २ जून

लसूण. माझ्या डोळ्यांसमोरचं उदाहरण आहे. गेल्या वर्षी माझ्या यलो टँगवर असेच ठिपके आले होते. दोन पाकळ्या ठेचून दहा मिनिटं ठेवल्या, रस गाळला, त्यात फ्रोझन श्रिंप भिजवून दिवसातून दोनदा दिलं. आठव्या दिवशी मासा काचेसारखा स्वच्छ. औषधाचा एक थेंब वापरला नाही. ठेचल्यावर लगेच वापरू नका, त्यातलं ॲलिसिन तयार व्हायला थोडा वेळ लागतो.

सुरमईप्रेमी (ठाणे), २ जून

लसूण, हळद, मीठ... मला वाटलं पाककृती विभागात आलो! गंमत राहू द्या, निळाईताई, तुमचा टँग लवकर बरा होवो. लेकीला सांगा आम्हीही आकडा विचारतोय.

खाजणवाट (रत्नागिरी), २ जून

मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, आता कोळंबीच्या धंद्यात आहे, आणि घरी ४०० लिटरची समुद्री टाकी आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण या एका गैरसमजापायी दरवर्षी खूप मासे जातात.

खडेमिठाचं औषध गोड्या पाण्यात का चालतं ते आधी बघू. तिथला ठिपका करणारा जीव इक्थिओप्थिरियस. खाऱ्या पाण्यातला ठिपका करणारा क्रिप्टोकॅरिऑन. दोघे दिसायला जुळे, पण जात वेगळी. पहिल्याला मीठ सोसत नाही, दुसरा मिठातच वाढतो. उष्णतेचंही तेच. क्रिप्टोकॅरिऑनला २३ ते ३० अंशांचं पाणी चांगलंच मानवतं, म्हणजे हीटर वाढवून त्याचं काही बिघडत नाही. उलट गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि ज्याच्या कल्ल्यांत आधीच परजीवी बसलेत त्या माशाची धाप वाढते.

आता त्याचं आयुष्य कसं चालतं ते नीट वाचा, सगळी उत्तरं त्यात आहेत. तो माशाच्या कातडीखाली शिरतो आणि साधारण तीन ते सात दिवस तिथेच खातो. आपल्याला ठिपका दिसतो तो याच काळात. पोट भरलं की मासा सोडून तळाला जातो, वाळूला, दगडाला, काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. त्या कवचात एकाचे शेकडो होतात. कवच कधी तीन दिवसांत फुटतं, कधी चार आठवड्यांनी, आणि क्वचित दोन महिन्यांहून जास्त घेतं. बाहेर पडलेल्या पिल्लांना दिवसा-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात.

म्हणजे ठिपके दिसल्यावर तुम्ही काहीही केलं तरी आठवड्याच्या आत ते जाणारच आहेत. मत्स्यगंध, तुमचा मासा आठव्या दिवशी स्वच्छ झाला हे मी शंभर टक्के मानतो. लसूण दिली नसती तरी आठव्या दिवशी तो स्वच्छच दिसला असता. ठिपके गेले म्हणजे परजीवी वाळूत उतरला. पुढची खेप येते तेव्हा दहाच्या जागी शे-दोनशे ठिपके असतात, आणि तेव्हा आपण म्हणतो की लसूण या वेळी लागू पडली नाही.

मत्स्यगंध (पुणे), २ जून

खाजणवाट, खरं सांगतो, महिन्याभराने ठिपके परत आले होते. मी तो वेगळा आजार समजलो, कारण मध्ये नवीन मासा आणला होता. तुमचा प्रतिसाद वाचून आता तारखा जुळवतोय. पण एक गोष्ट माझी स्वतःची पाहिलेली आहे. चार दिवस काही न खाणाऱ्या माशाने लसणाचा वास आल्याबरोबर खायला सुरुवात केली. तेवढं श्रेय तिला द्या.

खाजणवाट (रत्नागिरी), २ जून

ते जरूर देतो. आजारी मासा खातोय ही मोठी गोष्ट आहे. लसूण भूक चाळवायला वापरा, रोग काढायला तिच्यावर विसंबू नका. आणि रस टाकीत ओतू नका, खाद्य भिजवून निथळून घाला. एका मित्राने अर्धी वाटी रस थेट पाण्यात ओतला, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) रात्रभर फेसाळून जमिनीवर सांडला.

अटलांटिक_आजी (न्यू जर्सी), २ जून

निळाई बाळा, आधी एक सांग. ठिपके मिठाच्या कणाएवढे आणि मोजता येण्यासारखे आहेत ना? की अंगावर पिठीसाखर चाळल्यासारखी बारीक सोनेरी धूळ आहे? मासा पंपाच्या धारेत तोंड घालून उभा राहतो का? धूळ असेल तर ते वेल्व्हेट, म्हणजे ॲमिलूडिनियम. तो दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी करतो, मग घरगुती उपायांत एक दिवसही घालवायचा नाही.

निळाई (डोंबिवली), २ जून

आजी, मोजता येतात. आजचा आकडा ३१, लेकीने दोनदा मोजला. धारेत उभा राहत नाही. श्वास थोडा जलद वाटतो.

कांदळवन (वसई), ३ जून

वर वेल्व्हेटचा उल्लेख आला म्हणून लिहितो, आठवण आजही नकोशी वाटते. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे सात मासे होते. शुक्रवारी रात्री एक क्रोमिस जरा मंद वाटला. मी कडुनिंबाची पानं उकळून गार केलेलं पाणी घातलं, कारण गावाकडे आमच्या तळ्यातल्या माशांना ते करायचे. शनिवारी संध्याकाळी तीन गेले, रविवारी सकाळी उरलेले. दोन्ही श्रिंपही गेले. मासे वेल्व्हेटने मेले आणि श्रिंप माझ्या कडुनिंबाने, हे मला नंतर समजलं. कडुनिंबातलं द्रव्य किड्यांचं कात टाकणं बिघडवतं, आणि श्रिंप कात टाकणाऱ्यांपैकीच. कृपया कोणी घालू नका.

मुळामुठा (पुणे), ३ जून

मी जरा वेगळं मत मांडतो. माझ्या टाकीत क्रिप्टो (क्रिप्टोकॅरिऑन) आहे हे मला माहीत आहे, आणि चार वर्षं मी काहीही उपचार केलेला नाही. पाणी उत्तम ठेवतो, दिवसातून तीनदा सकस खाणं, यूव्ही (पाण्यातले जंतू मारणारा दिवा) चालू, माशांची भांडणं नाहीत. कधीतरी एखादा ठिपका दिसतो आणि जातो. एकदा झेललेल्या माशाला काही महिने बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती येते, हे शास्त्रीय प्रयोगांतही दिसलेलं आहे. मासा धडधाकट असेल तर त्याला पकडून, टबात कोंडून, अर्धमेला करण्यापेक्षा हे बरं. माझा घरगुती उपाय हाच.

खाजणवाट (रत्नागिरी), ३ जून

तुमची टाकी किती लिटरची?

मुळामुठा (पुणे), ३ जून

९००.

खाजणवाट (रत्नागिरी), ३ जून

हाच फरक. ९०० लिटरमध्ये सहा मासे असतील तर पोहणाऱ्या पिल्लांना मासा सापडण्याची शक्यताच कमी. २०० लिटरमध्ये कवच फुटतं तेव्हा मासे हाताच्या अंतरावर असतात. शिवाय निळाईताईंचा टँग आत्ताच ३१ ठिपक्यांवर आहे आणि खाणं सोडतोय, त्याला प्रतिकारशक्ती येईपर्यंतचा वेळ मिळेलच असं नाही. यूव्हीतून जेवढं पाणी जातं तेवढ्यातलीच पिल्लं मरतात, माशावर आणि वाळूत बसलेल्यांना तो हातही लावत नाही. तुमची पद्धत चुकीची म्हणत नाही, पण ती निरोगी आणि मोठ्या टाकीची पद्धत आहे.

मुळामुठा (पुणे), ३ जून

मान्य. आणि ताई, रागावू नका, पण ब्लू टँग २०० लिटरमध्ये ठेवायचा मासा नाही. तो फूटभर होतो आणि दिवसभर पोहतो. अडचणीत राहिलेला टँग ठिपक्यांना सगळ्यात आधी बळी पडतो.

निळाई (डोंबिवली), ३ जून

दुकानात विचारलं होतं, "राहतो आरामात" म्हणाले. मीच आधी वाचायला हवं होतं. आता तो माझ्याकडे आहे तर त्याला वाचवणं माझं काम. नेमकं काय करू ते सांगा, हळद-बिळद काही नको आता.

अटलांटिक_आजी (न्यू जर्सी), ३ जून

हळदीचंही सांगूनच टाकते, म्हणजे कोणी करायला नको. ती पाण्यात विरघळत नाही, कण तरंगत राहतात आणि कल्ल्यांत जाऊन बसतात. जखमेवर आपण लावतो तशी माशाला लावता येत नाही. आणि ते निळं औषध म्हणजे मेथिलीन ब्लू. ते मुख्य टाकीत टाकलंस तर दगडांवरचे उपयोगी जिवाणू मरतील आणि अमोनिया चढेल, क्रिप्टो मात्र तसाच राहील.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. खाऱ्या पाण्यात बिनऔषधाचे दोनच उपाय मला लागू पडलेले दिसले. एक गोडं पाणी मिसळून खारटपणा उतरवणं, दुसरा माशाचं घर बदलणं. मी दुसरा करते. दोन प्लॅस्टिकचे मोठे डबे, दोन हवेचे पंप, दोन हीटर, पीव्हीसी पाइपाचे तुकडे लपायला. मासा पहिल्या डब्यात ठेवायचा. ७२ तासांच्या आत ताजं खारं पाणी भरलेल्या दुसऱ्या डब्यात हलवायचा. पहिला डबा धुऊन उन्हात कडकडीत वाळवायचा. असं चार वेळा. माशावरून उतरलेला परजीवी कवच करून बसतो, आणि ते फुटायच्या आत मासा तिथून निघालेला असतो. बारा दिवसांत मासा मोकळा. घड्याळ मात्र पाळायचं. मी एकदा लग्नाला गेले आणि पाच दिवस झाले, सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

किनारा (पणजी), ३ जून

आजी, पद्धत सुंदर, पण दर तीन दिवसांनी ताजं खारं पाणी म्हणजे मिठाची पिशवी रिकामी. आमच्याकडे समुद्र दारात आहे, तरी पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी वापरता येत नाही. नद्यांचा गढूळ लोंढा येतो, खारटपणा कुठच्या कुठे उतरतो. डोंबिवलीत तर जून महिन्यात प्रश्नच नाही.

खाजणवाट (रत्नागिरी), ३ जून

म्हणून मी पहिला उपाय सांगतो. ताई, हे नीट वाचा.

समुद्राचं पाणी साधारण १.०२५ घनतेचं. ते १.००९ वर आणलं तर क्रिप्टोकॅरिऑनची कवचं आत पाणी शिरून फुटतात, पण हाडांचे मासे ते सोसतात, कारण त्यांच्या अंगातल्या पाण्याचा खारटपणा साधारण तेवढाच असतो. उलट अंगातलं पाणी टिकवायची त्यांची धडपड कमी होते आणि आजारी माशाला थोडी विश्रांती मिळते. गोड्या पाण्यात तुम्ही मीठ घालत होतात, इथे मीठ काढायचं.

मुख्य टाकीत हे अजिबात करायचं नाही. श्रिंप, गोगलगायी आणि दगडांतले बारीक जीव मरतील. वेगळा ६०-७० लिटरचा टब घ्या. टबात हवेवरचा स्पंज फिल्टर, हीटर २६ वर, पाइपाचे तुकडे, वाळू-दगड काही नाही. सगळे मासे त्यात हलवा, ठिपके नसलेली गोबीसुद्धा. सुरुवात टाकीच्याच पाण्याने करा, मग दोन दिवसांत हळूहळू आरओचं (क्षार काढलेलं) पाणी घालत १.००९ वर या. उतरवताना मासा सोसतो, चढवताना त्याला जास्त जड जातं, म्हणून परत वर नेताना आठवडाभर घ्या.

इथेच लोक चुकतात. १.०११ झालं तर उपचार होत नाही, आणि पाण्याची वाफ होऊन आकडा रोज वर सरकतो. स्वस्तातला प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन) यासाठी विसंबण्यासारखा नाही. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून खारटपणा दाखवणारी नळी) हवा, आणि तो दर हजारी ३५ खारटपणाच्या द्रावणाने तपासलेला. सकाळ-संध्याकाळ त्यावर टबातल्या पाण्याचा थेंब ठेवून बघायचं. शेवटचा ठिपका गेल्यापासून चार आठवडे मोजायचे. पाण्याचा पीएच घसरतो, चिमूटभर खायचा सोडा विरघळवून हळूहळू घाला. अमोनिया रोज तपासा, वाढला की तेवढ्याच खारटपणाचं पाणी बदला. टबात मासे रोगापेक्षा अमोनियाने जास्त मरतात.

आणि मुख्य टाकी माशांशिवाय ७६ दिवस. श्रिंप-गोगलगायी तिथेच, त्यांना थोडं खाऊ घालत राहा. मासा नाही म्हणजे पिल्लं उपाशी मरतात. जाळी, बादली, हात, सगळं टब आणि टाकीचं वेगळं. ओल्या जाळीतून रोग परत येतो. टब टाकीपासून लांब ठेवा.

वेल्व्हेटवर हा उपाय चालत नाही. धूळ दिसली तर लगेच कॉपर किंवा क्लोरोक्विन, तेही वेगळ्या टबात आणि मापाने.

निळाई (डोंबिवली), ४ जून

प्रिंट काढून फ्रिजवर लावलं. आजपासून टबाच्या मागे. एक शंका. क्लीनर श्रिंप परजीवी खातात ना? ते असूनही हे कसं झालं?

अटलांटिक_आजी (न्यू जर्सी), ४ जून

ते अंगावर बाहेरून चिकटलेले बारीक किडे आणि मेलेली कातडी खातात गं. क्रिप्टो कातडीच्या आत असतो, त्यांच्या चिमट्यात येत नाही.

समुद्रफेन (अलिबाग), ४ जून

गोड्या पाण्यात मासा पाच मिनिटं बुडवून काढायचा उपाय कोणी कसा सांगितला नाही? मी करतो आणि लागू पडतो.

खाजणवाट (रत्नागिरी), ४ जून

कशावर लागू पडला ते सांगाल का?

समुद्रफेन (अलिबाग), ४ जून

बटरफ्लायफिश होता. डोळे धुरकट, अंग घासायचा, ठिपके असे नव्हते. काळ्या घमेल्यात आरओचं पाणी घेतलं, टाकीएवढंच कोमट केलं, खायच्या सोड्याने पीएच जुळवला, तासभर हवा सोडली आणि मासा बुडवला. पहिलं मिनिट आडवा पडला, माझा जीव गोळा झाला. तिसऱ्या मिनिटाला घमेल्याच्या काळ्या तळाशी पांढरे तीळ सांडल्यासारखं दिसायला लागलं. बोटाने ढकलून बघितलं तर चपटे, पारदर्शकाचे दुधाळ झालेले जीव. वीस-पंचवीस असतील. पाच मिनिटांनी मासा परत टाकीत.

खाजणवाट (रत्नागिरी), ४ जून

ते फ्लूक, चपटे कृमी. त्यांच्यावर गोड्या पाण्याची अंघोळ खरोखर चालते, आणि तुम्ही केलेली तयारी अगदी बरोबर आहे. क्रिप्टो कातडीखाली असल्यामुळे पाच मिनिटांचं गोडं पाणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून ताईंना सांगितलं नाही. तुमचे मासे पुन्हा घासायला लागले का?

समुद्रफेन (अलिबाग), ४ जून

तीन आठवड्यांनी, हो.

खाजणवाट (रत्नागिरी), ४ जून

फ्लूकची अंडी टाकीत चिकट दोऱ्यांनी अडकून राहतात. अंघोळीने मोठे पडतात, अंडी उरतात. तिथे प्राझिक्वांटेल हे कृमींचं औषध लागतं, तेही आठवड्याच्या अंतराने दोनदा, अंड्यांतून निघालेले सापडावेत म्हणून. यापुढे तळाचे तीळ बघून औषधाचं ठरवा. अंघोळ हा उपाय जेवढा, तेवढीच ती रोग ओळखायची रीत.

पाचूबेट (मालवण), ५ जून

अवांतर: मासे बाजारात येतात ते बहुतेक समुद्रातून पकडलेले, प्रवासात भुकेले, एकाच पाण्यात कोंबलेले. तिथेच रोग लागतो. क्लाउनफिश तरी हॅचरीत जन्मलेले मागा. ते लहानपणापासून टाकीत तयार खाद्यावर वाढलेले असतात आणि समुद्रातला परजीवी घेऊन येत नाहीत. आपल्याकडे ऐरोलीला क्लाउनची हॅचरी आहे, लक्षद्वीपमध्येही काम झालंय.

दुसरं, काही जण तारकर्लीहून प्रवाळाचे तुकडे "लाइव्ह रॉक" म्हणून उचलून नेतात. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेला तुकडाही उचलायचा नसतो. मी स्कूबाच्या बोटीवर काम करतो, पर्यटकांच्या पिशव्यांतून तुकडे परत पाण्यात टाकताना पोटात तुटतं.

सुरमईप्रेमी (ठाणे), ५ जून

खरं आहे. लहानपणी बाबा तारापोरवालात घेऊन जायचे, १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय. तिथल्या काचेमागचे समुद्रातले मासे बघूनच ही ओढ लागली. तेव्हा वाटायचं पाणी खारं केलं की झालं. ताई, टँग पकडला का?

निळाई (डोंबिवली), ६ जून

पकडला! जाळी टाकीत घातली की तो दगडाच्या खाचेत शिरून पाठीचा काटा उभारायचा, दोन तास हलला नाही. शेवटी नवऱ्याने पाण्याच्या दोन लिटरच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, कोंबडीच्या खुराड्यासारखं आत जायला सोपं आणि बाहेर यायला अवघड. आत लसणात भिजवलेली नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) ठेवली. मत्स्यगंधदादा, इथे तुमच्या लसणाने काम केलं. वीस मिनिटांत टँग आत. क्लाउन रात्री टॉर्च लावून कपात अलगद आले. गोबी आज सकाळी मिळाली.

टब बेडरूमच्या खिडकीशी आहे, टाकीपासून दोन खोल्या लांब. पाणी १.०२५ वरून उतरवतेय. आकडा ४०.

मत्स्यगंध (पुणे), ६ जून

वाचून फार बरं वाटलं. माझी टाकीही कालपासून रिकामी केली. तारखा जुळवल्या तेव्हा कळलं की दोन डॅमसेल मी "अचानक गेले" म्हणून सोडून दिले होते, ते याच्यानेच गेले. तुमच्यासोबत ७६ दिवस मोजतो.

निळाई (डोंबिवली), १४ जून

१.००९ वर सहावा दिवस. आकडा शून्य. लेकीने वहीत शून्याभोवती फूल काढलंय. एकदा अमोनिया चढला होता, अर्धं पाणी बदललं. परवा चार तास लाइट गेली तेव्हा बॅटरीवरचा पंप होता म्हणून निभावलं. टँग पेलेट (कोरड्या खाद्याच्या गोळ्या) खातोय.

थांबावंसं वाटतंय. सगळे इतके छान दिसतात.

खाजणवाट (रत्नागिरी), १४ जून

नका थांबू. आजपासून चार आठवडे मोजा, म्हणजे १२ जुलै.

अटलांटिक_आजी (न्यू जर्सी), १४ जून

मी रोज धागा बघते. थांबू नकोस.

कांदळवन (वसई), २९ जून

धागा वर काढतो. कडुनिंबाच्या प्रसंगानंतर टाकी कपाटावर चढवली होती. हा धागा वाचून काल खाली काढली. या वेळी पहिली खरेदी मासा नाही, टब आणि रिफ्रॅक्टोमीटर. नवीन मासा किती दिवस वेगळा ठेवावा?

खाजणवाट (रत्नागिरी), २९ जून

मी किमान चार आठवडे ठेवतो, दिसायला कितीही सुदृढ असला तरी. कल्ल्यांत बसलेला क्रिप्टो बाहेरून दिसत नाही, फक्त श्वास जलद असतो. एका मिनिटात किती वेळा कल्ले उघडतात ते रोज त्याच वेळी मोजून लिहून ठेवा.

निळाई (डोंबिवली), २३ ऑगस्ट

टाकी ६ जूनपासून रिकामी होती, परवा २१ ऑगस्टला ७६ दिवस पूर्ण झाले. टबातलं पाणी १२ जुलैपासून आठ दिवसांत वर नेलं होतं, त्यानंतर महिनाभर नेहमीच्या खाऱ्या पाण्यात ठिपका नाही, घासणं नाही. काल सकाळी दोन्ही क्लाउन आणि गोबी टाकीत सोडली. श्रिंपनी पाच मिनिटांत क्लाउनच्या पाठीवर चढून साफसफाई सुरू केली, जणू मधले अडीच महिने गेलेच नाहीत.

टँगचं मात्र वेगळं ठरवलं. माझी टाकी त्याला पुरणार नाही हे मुळामुठांनी सांगितलं ते पटलं होतं.

मुळामुठा (पुणे), २३ ऑगस्ट

काल दुपारी ताई आणि लेक टँगला रेल्वेने घेऊन आल्या, थर्माकोलच्या डब्यात, बॅटरीच्या पंपासह. माझ्या ९०० लिटरमध्ये क्रिप्टो आहे हे मी इथेच लिहिलं होतं, त्यामुळे बरा झालेला मासा त्यात सोडणं मनाला पटेना. माझेही सहा मासे गेल्या आठवड्यात दोन टबांत काढले, टाकी आता रिकामी आहे. टँगला तोवर वेगळी २५० लिटरची टाकी लावली आहे. नोव्हेंबरात सगळे एकत्र जातील.

लेकीने वही माझ्याकडे ठेवली आहे. रोज रात्री नऊ वाजता आकडा कळवायचा असं ठरलंय. आजचा शून्य.